कुंपणावरचा कडू वेल

प्रिय सूनबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी नवऱ्याकडे बघितलं असशील, घरी कोणी आजारी आहे का म्हणून. कोणीही आजारी नाही. तुझ्या सासऱ्यांचा एक कान पूर्वीसारखाच बंद आहे आणि दुसऱ्याने ते सोयीचं तेवढं ऐकतात. माझा गुडघा कुरकुर करतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन नवऱ्याच्या हातात देतेस, आणि त्याला काही सांगावं तर निम्मं वाटेतच सांडतं. माझ्याच पोटचा आहे, मी त्याला चांगली ओळखते. तीन वर्षं झाली, तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. म्हणून पत्र. सासूचं पत्र म्हणजे उपदेश असणार असं धरून तू ते न वाचता बटणांच्या डब्यात टाकशील, तर तसं करू नकोस. उपदेश आहे, पण थोडाच आहे.

आधी वेलांची बातमी देते, कारण तू विचारणार नाहीस आणि तुला हवी मात्र असेल. यंदा कोनफळाचे एकशे चाळीस वेल लावले होते, एकही मेला नाही. काठ्या कमी पडल्या तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी पडद्याच्या जुन्या दांड्या आणून दिल्या, त्यांच्यावरसुद्धा वेल वरपर्यंत गेले. आता पानं पिवळी पडून गळताहेत, म्हणजे खाली कंद तयार आहेत. परवा पहिली दहा खणली. तुला ठाऊकच आहे, खणणं म्हणजे काय प्रकार असतो. कुदळ वीतभर चालवायची आणि मग पोटावर पालथं पडून हाताने माती उकरायची, कंद कुठे वळलाय ते बोटांनी चाचपत. एक तर माझा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी संपेना. शेवटी टोक तुटलंच. मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. बाकीची नऊ अख्खी निघाली, त्यातलं एक उकडून मीठ लावून खाल्लं, आतून छान जांभळं निघालं. तू असताना एकदाही टोक तुटलं नव्हतं, हे मी कबूल करते. पत्राच्या पहिल्याच पानावर मी एक गोष्ट कबूल केली आहे, हे ध्यानात घे.

आणि तुझी सुरुवात आठवते का? लग्नाला पंधरा दिवस झाले होते. मी बाहेर गेले होते आणि तुला वाटलं सासूला खूश करावं. वेल तेव्हा जमिनीवर लोळायला लागले होते. तू एकटीने दुपारभर बसून साठ वेल साठ काठ्यांना गुंडाळलेस, वर सुतळीने बांधलेस, आणि मी आल्यावर हात पाठीमागे घेऊन उभी राहिलीस. मी नुसती बघत राहिले. समोर उभं राहून पाहिलं तर आपल्या कोनफळाचा वेल डावीकडून उजवीकडे चढत वर जातो. तू डावखुरी, तू सगळेच्या सगळे उजवीकडून डावीकडे गुंडाळले होतेस. मी काही बोलले नाही. मुद्दामच बोलले नाही, मला गंमत बघायची होती. तीन दिवसांत साठच्या साठ वेलांनी स्वतःला सोडवून घेतलं आणि सुतळीला लोंबकळत राहिले. मी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. त्या सगळ्यांत जास्त तूच हसलीस. जमिनीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. जी मुलगी स्वतःची फजिती अशी उघड्यावर हसून घेते तिला लपवाछपवी जमत नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुझ्या सासऱ्यांना कळलं होतं म्हणे. पण ते नंतर.

दुसऱ्या वर्षी तू मला मागे टाकलंस. कारखान्यात कापड कापणारा हात, त्याला कंदाचे तुकडे काय जड जाणार. प्रत्येक तुकड्याला साल हवी, साधारण मूठभर वजन हवं, कापाला राख लावून सावलीत सुकवायचं. मी हे चाळीस वर्षं करते आहे आणि तरी माझे तुकडे लहानमोठे होतात. तुझे एका मापाचे. मी ते गिऱ्हाइकांना दाखवताना आमच्याकडे असंच कापतात म्हणायचे. आमच्याकडे म्हणजे कोण, हे कधी सांगितलं नाही.

बेण्याचं म्हणजे नाजूक काम. खायला कंद विकणारे पुष्कळ आहेत. लावायला जे देतो ते बेणं, आणि ते देणारीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, कारण हातात घेतलं तेव्हा काहीच कळत नाही. चार-पाच महिने काठ्या उभारून, पाणी घालून, मग कळणार. आपल्या कोनफळाला बी धरत नाही. माझ्या सासूने मला दिलेल्या तुकड्याचे तुकडे, त्यांचे तुकडे, आणि पानांच्या बगलेत ज्या बोटाएवढ्या गाठी लागतात त्या, एवढ्यावरच सगळं चाललंय. म्हणून मी मिरवायचे. मी गिऱ्हाइकांना सांगायचे की आपल्या वेलाची गाठ मी डोळे मिटून, नुसती हातात घेऊन ओळखते. आणि कुंपणावर मात्र मीच कडू कारांद्याचा वेल चढवला होता. तारेचं कुंपण उघडंबोडकं दिसतं म्हणून. दिसायला देखणा, बदामाच्या आकाराची मोठी पानं, पण त्याच्या गाठी तोंडात घालवत नाहीत आणि कोणी हट्टाने खाल्ल्याच तर पोटाची वाट लागते. तू पहिल्याच वर्षी विचारलं होतंस, आई, बेण्याच्या इतक्या जवळ हा कशाला. मी म्हटलं, ज्याला ओळखता येत नाही त्याने घाबरावं. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलत आले मी.

आता त्या दिवसाचं. तो दिवस वगळून पत्र लिहिता आलं असतं तर मागेच लिहिलं असतं. नर्सरीवाला पुढे आणि त्याच्यामागे आणखी पाच गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या हातात हातभर लांब कापलेला वेल. गोल, गुळगुळीत देठाचा. आपल्या कोनफळाच्या देठाला चार कडा असतात आणि त्यांना झालरीसारखी किनार असते, ती कुठेच नव्हती. त्याने माझ्यासमोर टेबलावर ते सगळे वेल ठेवले आणि म्हणाला, बाई, निम्मं शेत कडू निघालं. अंगणात काठ्या बांधायला आलेली माणसं होती, शेजारच्या दोघी होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. आणि मी म्हणाले, गाठी निवडायचं काम हिच्याकडे होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण मी थांबले नाही. ज्या हाताला वेल कुठून कुठे चढतो ते कळलं नाही, त्या उलट्या हाताला गोड कुठलं आणि कडू कुठलं ते काय कळणार, असं मी म्हणाले. कोणीतरी हसलं. तू नळाशी मातीचे हात धूत होतीस. हात धुऊन झाल्यावर तू एवढंच म्हणालीस की मी कुंपणाच्या वेलाला हात लावलेला नाही. मग आत गेलीस. तुझ्या नवऱ्याने पायाकडे बघितलं. तुझे सासरे मूग गिळून बसले. महिन्याभरात तुम्ही दोघांनी दुसऱ्या गावात घर घेतलंत, आणि सामान न्यायच्या दिवशी तू मला वाकून नमस्कार केलास, ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मी काय केलं तर बेण्याचे क्रेट शेडमधून उचलून घरातल्या आतल्या खोलीत आणले आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. पुन्हा तक्रार आली नाही. बघा, असं मी म्हणायचे. ती गेली आणि तक्रारी संपल्या. मी असं म्हणायचे, सूनबाई. कोणाला ना कोणाला ऐकवायचेच.

यंदा तुझ्या सासऱ्यांनी आतली खोली बळकावली. दुकान बंद करून सात वर्षं झाली तरी लोक भिंतीवरची घड्याळं दुरुस्तीला आणून देतात आणि हे नाही म्हणत नाहीत. एकवीस घड्याळं आहेत, एकात वाजलेलं दुसऱ्यात वाजत नाही. मी कंटाळून क्रेट पुन्हा शेडमध्ये नेले, तीन वर्षं बंद असलेली खिडकी उघडली आणि ते ठेवले खिडकीखालच्या त्याच मांडणीवर, जिथे तू असताना असायचे. एका मंगळवारी दुपारी मी तिथे स्टुलावर बसून गाठींची माती झटकत होते. वर पत्र्यावर टप् असा आवाज झाला. मग काहीतरी पत्र्याच्या पन्हाळीतून गडगडत खाली आलं, एक क्षण थांबलं, आणि खिडकीतून आत येऊन माझ्या डोळ्यांसमोर क्रेटमध्ये पडलं. मी ते उचललं. कडू कारांद्याची गाठ होती.

तुला ती खिडकी आठवत असेल. तिची फळी मी सुताराकडून मुद्दाम खालच्या बाजूला बिजागरी लावून घेतली होती, म्हणजे ती वरून बाहेर झुकते आणि वारा आत ओढला जातो. सुतार म्हणाला होता, बाई, असं उलटं कोणी लावत नाही, हिच्यावर जे पडेल ते सगळं आत येईल. मी त्याला म्हटलं, तू खिळे ठोक. ती फळी बसवली तो त्या कडू बेण्याचाच हंगाम, तुला सांगायला नकोच. कुंपणावरचा वेल त्याच वर्षी शेडच्या पत्र्यावर चढला होता, आणि हंगामाच्या शेवटी पानं सुकली की त्याच्या गाठी आपोआप गळतात. पत्र्यावर पडायच्या, घरंगळायच्या, फळीवर यायच्या, आणि आत. खाली बेण्याचे क्रेट. तू निवडून ठेवलेल्या गाठींवर. मी क्रेट बाजूला केला आणि तिथे रिकामं घमेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घमेल्यात नऊ गाठी होत्या. मग मी त्या नऊ आणि आपल्या वेलाच्या त्यातल्या त्यात आखूड, गोलसर अशा निवडलेल्या नऊ गाठी मातीत लोळवल्या, डोळे मिटले आणि ओळखायला गेले. अठरातल्या सात चुकल्या. आणि तिथेच आठवलं की तू तेव्हा दोनदा म्हणाली होतीस, आई, पत्र्यावर काहीतरी वाजतं. मी म्हटलं होतं, खार असेल.

तुझ्या सासऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी खिडकी बघितली, घमेलं बघितलं, आणि म्हणाले, ती खोटं बोलत नव्हती हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मी म्हटलं, मग तोंडाला कुलूप का लावलं होतंत. तर म्हणतात, तुझ्यापुढे कोणाची बिशाद. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल. तिसऱ्या दिवशी मी कुंपणावरचा वेल बुंध्यापासून कापला, पत्र्यावरून ओढून काढला आणि मुळाशी खणायला बसले. खाली हंड्याएवढा कंद निघाला, केसाळ मुळांनी भरलेला. इतकी वर्षं मी त्याला देखणा म्हणत होते. सुतारालाही बोलावलं. त्याने फळी सरळ बसवून दिली, आणि, बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं, असं काही म्हणाला नाही. माणूस समजूतदार आहे.

मग मी घरोघर फिरले. त्या वर्षी बारा जणांना बेणं दिलं होतं, त्या बाराही जणांकडे गेले. कुठे चालत, कुठे बसने. प्रत्येकाला तेच सांगितलं की गाठी माझ्या खिडकीतून आल्या, माझ्या वेलाच्या होत्या, फळी मी लावायला सांगितली होती, आणि मी सुनेचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. शिंप्याने चहा दिला. टपाल कचेरीतल्या बाईंनी, जाऊ द्या हो, इतकं काय मनाला लावून घेता, असं म्हटलं. दोघांना तर काय घडलं होतं तेच आठवेना. मला खरं सांगायचं तर बरं वाटायला लागलं होतं. आठवं-नववं घर होईतो मी ते चांगलं सांगायला लागले होते, कुठे थांबायचं ते समजलं होतं. नर्सरीवाल्याला मी शेवटी ठेवलं होतं. तो कुंड्यांना पाणी घालत होता. मी सगळं सांगून झाल्यावर त्याने झारी खाली ठेवली आणि म्हणाला, बाई, माझं एका हंगामाचं नुकसान झालं, ते मी कधीच विसरलो. तुम्ही मला काही बोलला नव्हता. जिला बोललात तिच्याकडे गेलात का? मी म्हटलं, मुलाला सांगणार आहे, तो तिला सांगेल. त्याने झारी उचलली आणि पुढच्या कुंडीकडे गेला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाराही घरं आसपासची, ओळखीची होती, सगळी सोपी.

तर आता हे पत्र का, ते लिहिते. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला बेणं वाटायचं आहे. अंगणात ते सगळे असतील, त्या दिवशी होते ते आणि त्या दिवसाबद्दल ऐकलेलेसुद्धा. मी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे की चूक माझी होती. एकेकट्याला घरी जाऊन सांगितलं ते पुरेसं नाही, कारण मी तुला चारचौघांत बोलले होते. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी सांगणार. आलीस तर कामाला येऊ नकोस, तुकडे मी कापीन, लहानमोठे होतील तसे होऊ देत. माफ कर म्हणून मी गळ घालणार नाही, ते तुझ्या मर्जीवर आहे. पण एक गोष्ट अशी आहे जी मी त्या रविवारी बोलणार नाही, आणि तुझ्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या कानावरही घालणार नाही. खिडकी, फळी, वेल ही सगळी चूक होती, आणि चूक माणसाकडून होते. त्या दिवशी तू नळाशी उभी राहून, मी हात लावलेला नाही, असं म्हणालीस तेव्हा मला तुझं खरं वाटलं होतं. लगेच, तिथल्या तिथे. गाठी कुठून आल्या ते मला कळत नव्हतं, पण तुझ्याकडून आल्या नाहीत हे मला कळलं होतं. तरी मी गप्प राहिले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांनी दुसऱ्या कोणाकडे तरी बघायला हवं होतं. तिथे तू होतीस. हे चुकीत बसत नाही, म्हणून लोकांसमोर सांगून ते फिटणारही नाही. हे फक्त तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र लिहिलं.

तुझीच,
सासू